तळाच्या संघाचा सप्टेंबरमधला विजय कसा वाचायचा

बेसबॉलचा सामना संपला आणि तुमचा संघ जिंकला, की आधी स्कोअर बाजूला ठेवा. एप्रिल-मेमध्ये त्याला किंमत असते. सप्टेंबर आणि त्याबरोबर मोसमही संपत आलेला, संघ आपल्या गटात पार तळाला गेलेला, अशा वेळी विजयातून कामाची माहिती एकच निघते: आज ज्यांनी जिंकून दिलं, त्यांतले किती जण पुढच्या एप्रिलमध्ये याच संघात असतील? हे शोधायची माझी एक पद्धत आहे. कागद, पेन आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

माझा चष्मा कोणता ते आधी सांगून टाकते. मी हिंजवडीत रात्रपाळी करते, पगार आणि रजांचे हिशेब बघणाऱ्या टीममध्ये. क्लायंट शिकागोचा. त्यामुळे बेसबॉलचा संघ मी निवडला नाही, तो क्लायंटबरोबर आला: शिकागो व्हाइट सॉक्स. शाळेत सॉफ्टबॉल खेळले होते म्हणून खेळ कळायला वेळ लागला नाही, पण खरी गोडी लागली ती खेळाडूंच्या करारांची. कोथरूडला आमच्या घरी याचं कुणालाही कौतुक नाही. भाचा विचारतो, "मावशी, हरणाऱ्या टीमची मॅच पहाटे कोण बघतं गं?" त्याला तोंडी जे सांगत आले तेच इथे नीट लिहून काढतेय.

वेळेचं गणित सोपं आहे. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, शिकागो साडेदहा, लॉस एंजेलिस साडेबारा. शिकागोत संध्याकाळी ६.४० ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ५.१० ला, दूधवाल्याच्या वेळेला. पश्चिम किनाऱ्यावरचा ७.१० चा सामना सकाळी ७.४० ला येतो, तो डबे भरता भरता कानाने ऐकायचा. न्यूयॉर्ककडचे दुपारी १.१० चे सामने तेवढे सोयीचे, रात्री १०.४० ला लागतात. रोज बघायची मुळीच गरज नाही. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, आणि सगळे बघणारा माणूस मला शिकागोतही भेटलेला नाही. एमएलबीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, ॲपवर चेंडूगणिक हालहवाल फुकट दिसते. आपल्याला काम करायचंय ते बॉक्सस्कोअरवर, म्हणजे कोण खेळलं आणि कुणी काय केलं याच्या तक्त्यावर, आणि तो चहा घेताना उघडला तरी चालतो.

आता मैदानावर कोण आहे ते समजून घ्या. एरवी सामन्यासाठी २६ जणांची यादी असते. १ सप्टेंबरला ती २८ होते. २०२० च्या आधी ती थेट ४० पर्यंत वाढवता यायची आणि सप्टेंबरात दर दुसऱ्या चेंडूला नवा पिचर (चेंडू टाकणारा) यायचा. आता जागा दोनच वाढतात, त्यामुळे त्या कुणाला दिल्या हे बघण्यासारखं असतं. या २८ जणांच्या मागे ४० जणांची मोठी यादी. त्यातले उरलेले बहुतेक मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या लीगमध्ये, असतात. आमच्या हिंजवडीच्या भाषेत ते बेंचवर: पगारपत्रकावर नाव आहे, प्रोजेक्ट नाही.

बॉक्सस्कोअरमधलं प्रत्येक नाव कागदावर उतरवा आणि पुढे तीन रकाने आखा. पहिल्यात वय. दुसऱ्यात तो खेळाडू संघाच्या ताब्यात अजून किती वर्षं आहे ते. तिसऱ्यात, त्याला मायनर लीगमध्ये परत पाठवायची मुभा शिल्लक आहे का ते.

दुसरा रकाना सगळ्यात मोलाचा, म्हणून जरा थांबून सांगते. मोठ्या लीगच्या यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. साधारण पहिली तीन वर्षं खेळाडूला किमान पगाराच्या आसपास मिळतं. पुढची तीन वर्षं लवादाची: पगार वाढतो, आकड्यावर एकमत झालं नाही तर तिघा लवादांपुढे सुनावणी होते, पण खेळाडू संघ सोडून जाऊ शकत नाही. सहा वर्षं भरली की तो मोकळा, कुणाशीही करार करू शकतो. आपल्याकडच्या आयपीएलसारखा दर तीनेक वर्षांनी बहुतेकांना हातोड्याखाली आणणारा लिलाव इथे नाही. म्हणून चोवीस वर्षांचा, सेवेचं एकच वर्ष झालेला पोरगा आणि सहावं वर्ष संपत आलेला एकोणतीस वर्षांचा गडी यांनी एकाच सामन्यात सारखेच दोन हिट मारले, तरी संघाच्या दृष्टीने त्या हिटची किंमत सारखी नसते. १७२ दिवसांचा आकडा बघितला आणि मला हा खेळ आपला वाटला. दिवस मोजून माणसाचं भविष्य ठरवणं हेच तर मी रात्रभर करते.

तिसऱ्या रकान्यातली मुभा तीन मोसमांची असते. ती संपली की खेळाडूला खाली पाठवण्याआधी बाकीच्या सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. कुणीही उचलू शकतं. म्हणून मुभा संपलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा खेळाडू सप्टेंबरमध्ये रोज खेळताना दिसला, तर समजायचं की त्याची परीक्षा चालू आहे आणि निकाल मार्चच्या आत लागणार. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या रोस्टररिसोर्स विभागात हे तिन्ही रकाने आयते मिळतात. मी तरीही हाताने लिहिते. लिहिताना नाव डोक्यात राहतं.

उदाहरण घेते २०२४ च्या सप्टेंबरचं. व्हाइट सॉक्स १२० सामने हरून बसले होते. १९०१ पासूनच्या बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव त्याआधी फक्त १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचे झाले होते. आणखी एक पराभव, की विक्रम यांचा. आठवडा तोच, ज्यात पुण्याला पावसाने झोडपलं, स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर चिखल झाला आणि पंतप्रधानांचा दौरा रद्द करावा लागला. समोर लॉस एंजेलिस एंजल्स, २४ ते २६ सप्टेंबर, घरच्या मैदानावर तीन सामने. प्रेक्षक "संघ विकून टाका" म्हणून ओरडत होते, आणि या गड्यांनी तिन्ही सामने जिंकले. ३–२, मग दहाव्या इनिंगपर्यंत खेचून ४–३, मग चक्क ७–०.

आनंद झालाच. पण कागद काढा.

सगळ्यात आधी समोरचा संघ कोण ते लिहायचं. एंजल्सनी त्या वर्षी ९९ सामने गमावले, त्यांच्या इतिहासातले सर्वाधिक. म्हणजे तळाच्या संघाने जवळजवळ तळाच्याच संघाला हरवलं. सप्टेंबरात समोरचा पिचरही बहुधा नुकताच मायनर लीगमधून वर आलेला असतो, तेव्हा हिटची संख्या बघून हुरळून जाऊ नका.

पहिल्या दोन विजयांत निर्णायक हिट अँड्र्यू बेनिंटेंडीचे. वय ३०, लेफ्ट फील्ड, पाच वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा करार, २०२७ पर्यंत. मोसमातली बॅटिंग सरासरी .२२९, शंभरात तेवीसेक हिट, बेताचीच. म्हणजे हा पुढच्या एप्रिलमध्ये शंभर टक्के असणार, कारण एवढ्या पगारासकट त्याला घेणार कोण? पण संघ पुन्हा उभा राहील तेव्हा तो त्याचा भाग असणार नाही. माझ्या कागदावर अशा नावापुढे मी 'आहे, पण' असं लिहिते.

तिसरा सामना, ७–०, सगळ्यात देखणा. पिचर ख्रिस फ्लेक्सन, करार एका वर्षाचा. सरळ काट. पुढच्या वर्षी तो शिकागोतच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, कब्स संघात खेळला. त्या संध्याकाळी त्याने जे केलं ते छानच होतं, पण २०२५ च्या व्हाइट सॉक्ससाठी त्याचा उपयोग शून्य. सामना जेवढा सुंदर तेवढी त्यातून मिळणारी माहिती कमी, असं सप्टेंबरात पुष्कळदा होतं.

आता दोन तरुण नावं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. मिगेल वार्गास जुलै अखेरीच्या अदलाबदलीत डॉजर्स संघाकडून आला होता, वय २४. त्याने व्हाइट सॉक्ससाठी त्या दोन महिन्यांत .१०४ च्या सरासरीने बॅटिंग केली. शंभरात दहा हिट! बघवत नव्हतं. दुसरा शॉन बर्क, सप्टेंबरात वर बोलावलेला पिचर: १९ इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा) १.४२. आकडे बघून कुणीही म्हणेल, पहिल्याला हाकला, दुसऱ्याला डोक्यावर घ्या. बर्कच्या बाबतीत ते पटण्यासारखं होतं, कारण नुसता ईआरए चांगला नव्हता. टाकलेल्या इनिंगपेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटरला बाद करणं) जास्त होते, आणि स्ट्राइकआउटमध्ये क्षेत्ररक्षकांचा किंवा नशिबाचा हात नसतो. २०२५ च्या मोसमातला पहिला सामना त्याच्याच हातात दिला गेला. पण वार्गासलाही संघाने सोडलं नाही. रकाने बघा: वय कमी, ताब्यात बरीच वर्षं, आणि मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं चेंडू नीट निवडत आलेला. २०२५ मध्ये तो नियमित खेळला आणि १६ होम रन मारले. एका महिन्याची बॅटिंग सरासरी हा माझ्या मते बेसबॉलमधला सगळ्यात खोटारडा आकडा. विश्वास ठेवायचाच तर स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) यांच्यावर ठेवा, आणि पिचरचा वेग वर्षाच्या सुरुवातीइतकाच टिकून आहे का त्यावर.

यानंतरची पायरी बहुतेक जण करतच नाहीत: कागद उलटा करा आणि बॉक्सस्कोअरमध्ये कोण नाही ते लिहा.

गॅरेट क्रोशे हा त्या संघातला सर्वांत गुणी पिचर. वय २५, मोसमात २०९ स्ट्राइकआउट, पण उत्तरार्धात त्याला साधारण चारच इनिंग टाकू द्यायचे, हात जपायला. ताब्यात उरलेली वर्षं: दोन. १२१ सामने हरणारा संघ दोन वर्षांत जिंकायला लागणार नाही, मग या दोन वर्षांचा उपयोग ज्याला आज जिंकायचंय त्यालाच. गणित इतकं उघड होतं की डिसेंबरात तो बोस्टनला गेला तेव्हा धक्का बसायचं कारण नव्हतं. बदल्यात चार तरुण आले. त्यांतला कॅचर काइल टील आणि इनफिल्डर चेस मेड्रॉथ २०२५ मध्येच संघात दिसले.

दुसरं गैरहजर नाव शॉर्टस्टॉप कोल्सन मॉन्टगोमेरी. इतका गाजावाजा झालेला मुलगा, आणि संघ १२० हरलेला असतानाही सप्टेंबरात वर बोलावला नाही. तो ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, शार्लटला .२१४ वर अडकला होता. २०२५ च्या वसंतातही त्याला आधी ॲरिझोनाला पाठवून बॅटची फेक दुरुस्त करून घेतली आणि जुलैत वर आणलं. ७१ सामन्यांत २१ होम रन. सप्टेंबरच्या यादीत नाव नाही म्हणजे पत्ता कट, असं समजायचं नाही. कधीकधी संघ घाई करत नसतो, एवढंच. आणि हो, जागा रिकामी ठेवणं हासुद्धा निर्णयच असतो.

"हरत राहिलेलं बरं, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) पहिला नंबर मिळेल" हे वाक्य तुम्हाला दर सप्टेंबरात ऐकू येईल. नियम बदललेत. आता वरच्या सहा जागांसाठी सोडत काढतात, आणि मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली जागा मिळत नाही. व्हाइट सॉक्सना २०२४ मध्ये ती मिळाली होती, म्हणून २०२५ मध्ये सर्वांत वाईट संघ असूनही त्यांचा नंबर दहावा. एंजल्सविरुद्धच्या त्या तीन विजयांनी त्यांचं काडीचं नुकसान झालं नाही. तेव्हा ओरडायचं ते मोकळ्या मनाने ओरडा.

संघ खरोखर किती वाईट आहे हे बघायला एक जुना हिशेब आहे, बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेला. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. व्हाइट सॉक्सनी त्या मोसमात ५०७ धावा केल्या, ८१३ दिल्या. गणित करा आणि उत्तराला १६२ ने गुणा: साधारण ४५ विजय निघतात. प्रत्यक्षात ४१. थोडं दुर्दैव होतं, बाकी सगळं स्वतःचं कर्तृत्व. हा आकडा आणि प्रत्यक्ष विजय यांत दहाएक सामन्यांची तफावत असेल तरच मी पुढच्या वर्षाबद्दल वेगळं मत बनवते.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ते हरलेच आणि १२१ चा विक्रम झाला. पण त्याच सामन्याने समोरच्या टायगर्सना २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये नेलं, आणि जिंकणाऱ्या संघाचा कागद वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. टायगर्स १० ऑगस्टला ५५–६३ वर, म्हणजे ५५ विजय आणि ६३ पराभवांवर, होते. जुलैअखेर त्यांनी जॅक फ्लॅहर्टीसारखा पिचर डॉजर्सना देऊन टाकला होता, म्हणजे हिशेबात त्यांनी वर्ष सोडूनच दिलं होतं. तिथून ३१–१३ खेळून ८६ विजय. अशा संघाच्या सप्टेंबरमधल्या विजयात तरुणांची परीक्षा नसते. प्रशिक्षक प्रत्येक इनिंग आजच्या आज जिंकायला खेळतो, पिचर दोन-दोन इनिंगांचे तुकडे टाकतात. त्यातून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायला तारिक स्कुबलसारखा एखादाच घट्ट खुंटा सापडतो. त्या वर्षी १८ विजय आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. बाकीची लाट कितपत टिकते? २०२५ मध्ये याच टायगर्सनी गटातली १५½ सामन्यांची आघाडी क्लीव्हलँडला गमावली, आणि तरी वाइल्ड कार्डने (गट न जिंकलेल्या चांगल्या संघांसाठीच्या जागेवर) प्लेऑफमध्ये शिरले. सप्टेंबरचा वेग पुढच्या सप्टेंबरला लावून बघू नका.

कागद जपून ठेवा, कारण खरी परीक्षा हिवाळ्यात आहे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, संपली की सहा वर्षं भरलेले मोकळे होतात, त्यांच्यावर काट. त्याच सुमारास ज्यांच्या करारात संघाच्या मर्जीचं एक जास्तीचं वर्ष असतं त्यांचा फैसला. व्हाइट सॉक्सनी तेव्हा योआन मोन्काडाचं अडीच कोटी डॉलरचं वर्ष नाकारलं आणि ५० लाख देऊन मोकळे झाले. नोव्हेंबरच्या मध्याला मायनर लीगमधल्या कुणाला ४० च्या यादीत घेऊन वाचवायचं ते ठरतं. त्या महिन्याच्या उत्तरार्धात लवादाच्या टप्प्यावरच्या ज्यांना पुढच्या वर्षाचा करार दिला जात नाही तेही मोकळे होतात. इथे सप्टेंबरातले बरेच नायक गळतात. डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्ट: दुसऱ्या संघाने न वाचवलेला खेळाडू एक लाख डॉलरला उचलायचा, अट एवढीच की त्याला पूर्ण मोसम मोठ्या लीगच्या यादीत ठेवावं लागतं. चांगल्या संघाला अशी जागा अडवून ठेवणं परवडत नाही. तळाच्या संघाला परवडतं. व्हाइट सॉक्सनी पहिल्याच नंबरवर मिलवॉकीचा पिचर शेन स्मिथ उचलला आणि जुलैत तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्या वर्षी, २०२५ मध्ये, संघ ६० जिंकला, १०२ हरला. हे वाचून हसू येईल, पण १९ विजय वाढले, आणि ते कुठून आले ते कागदावर दिसत होतं.

शेवटच्या रविवारी मोसमाचे सगळे सामने जवळपास एकाच वेळी सुरू होतात, आपल्याकडे रविवार-सोमवारच्या मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास. तो कागद बनवायला सगळ्यात बरा दिवस. प्लेऑफच्या धावपळीतले सामने बाजूला ठेवा, ते लोक बघतीलच. तळाच्या दोन संघांचा सामना उघडा, जो संघ तुमचा असेल त्याची २८ नावं लिहा, रकाने भरा आणि झोपा. भाच्याला हे काम दिलं तर तो दहा नावांनंतर कंटाळला, म्हणून घरातल्या कुणाला जबरदस्ती करू नका.

फेब्रुवारीच्या मध्यात सराव शिबिरं सुरू झाली की तोच कागद काढून हजर नावांवर खूण करायची. माझा ठोकताळा असा: २८ पैकी दहाच्या आत उरले असतील तर संघ नव्याने बांधायला काढलाय, आणखी एक वर्ष तरी वाट बघायची. पंधरा-सोळा उरले आणि गेलेल्यांत वयस्कर जास्त असतील तर बरं चाललंय. आणि १०० च्या वर सामने हरूनही वीसच्या वर तेच चेहरे दिसले, तर मालकाला खर्च करायचा नाही, असं खुशाल समजा आणि पहाटेचा गजर बंद करून टाका.